आर्ड्‌सचा ब्लेअर

शनिवारी सकाळी न्यूटाउनार्ड्‌सच्या कॉनवे चौकात बाजार भरतो. बटाटे, अंडी, मासे, लोकरीचे मोजे, जुनी भांडीकुंडी. ताडपत्रीच्या छपरांवर मधूनच पावसाची सर येऊन जाते आणि कुणी मान वर करून बघतही नाही. चौकाच्या एका अंगाला अठराव्या शतकातल्या टाउन हॉलची दगडी इमारत आहे. तिथंच, माणसांच्या डोक्यांच्या वर, लष्करी पोशाखातला एक ब्रॉन्झचा माणूस उभा आहे. मी गेलो तेव्हा एका बाईंनी बाजाराची भरलेली पिशवी त्याच्या चौथऱ्याशी टेकवली होती आणि त्या ओळखीच्या कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या. बोलणं संपलं, पिशवी उचलली, आणि जाता जाता त्यांनी चौथऱ्याच्या दगडावर हलकी थाप मारली, गोठ्यातून निघताना बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

तो पुतळा लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट ब्लेअर मेन याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलात अगदी पहिल्यांदा आलेल्या मूठभर माणसांपैकी तो एक, आणि पुढे त्या दलाच्या पहिल्या रेजिमेंटचा प्रमुख. युद्ध १९४५ साली संपलं, तो १९५५ साली गेला, आणि पुतळा उभा राहिला १९९७ साली. मधली बेचाळीस वर्षं या गावानं त्याला तोंडातोंडी जपलं.

बेलफास्टहून इथं यायला बसनं पाऊण तासही लागत नाही. अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास. बस शहराच्या पूर्वेकडून निघते, डाव्या हाताला दूरवर टेकाडावर स्टॉरमाँटचं पांढरंशुभ्र संसदभवन दिसतं, मग डंडोनल्ड लागतं, आणि चढ संपला की एकदम समोर पाणी. स्ट्रॅंगफर्ड लॉक म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेला समुद्र. कोकणच्या माणसाला खाडी म्हणून ओळखीची वाटेल, फक्त नारळ नाहीत आणि वारा हाडात शिरणारा. उजवीकडच्या टेकडीवर स्क्रॅबोचा मनोरा. लंडनडेरीच्या तिसऱ्या मार्क्वेसच्या, म्हणजे इथल्या बड्या जमीनदाराच्या स्मरणार्थ तो १८५७ साली बांधला. गावात कुठंही उभे राहा, तो दिसतोच.

मी इथं का आलो, ते सांगायला हवं. मी नगर जिल्ह्यातला. आमच्या जिल्ह्यातल्या एका सैनिकाविषयी वाचत असताना ९ एप्रिल १९४५ ही तारीख माझ्या मनात रुतून बसली होती. त्याच तारखेला युद्धाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कोण काय करत होतं, हे धुंडाळताना मेनचं नाव सापडलं. त्या दिवसाकडे मी पुढे येईनच. आधी हा माणूस समजून घ्यायचा होता, आणि तो समजायचा तर त्याच्या गावी जाण्याला पर्याय नव्हता.

पहिली दुरुस्ती चौकातच झाली. बाकावर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, की हाच ना पॅडी मेन? पुस्तकांत, मालिकांत, सगळीकडे हेच नाव. ते म्हणाले, "पॅडी म्हणालात तरी आम्हाला कळतं. पण इथं तो ब्लेअर."

ब्रिटिश सैन्यात आयरिश माणूस आला की त्याचा पॅडी व्हायचा. पॅट्रिकचं हे घरगुती रूप सरसकट सगळ्यांना चिकटायचं. जगभर गाजलं ते बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आणि गावानं मात्र आईबापांनी ठेवलेलं सोडलं नाही. गावाबाहेरून जाणारा मोठा रस्ता ब्लेअर मेन रोड. २०१९ साली उघडलेलं क्रीडा संकुल ब्लेअर मेन यांच्याच नावाचं. तिथं मुलं पोहायला शिकतात. मला हे क्रीडा संकुल फार योग्य वाटलं, कारण बंदूक हातात येण्याच्या कितीतरी आधी या माणसाची ओळख मैदानावरची होती.

जन्म ११ जानेवारी १९१५. सात भावंडांतला सहावा. घरचं बरं होतं. गावावर नजर ठेवून असलेल्या टेकडीवर माउंट प्लेझंट नावाचा मोठा वाडा होता. शाळा इथलीच, रीजंट हाउस. पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात कायद्याचा अभ्यास. १९३६ साली आयरिश विद्यापीठांच्या मुष्टियुद्धात हेवीवेट विजेता. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून सहा सामने, आणि १९३८ साली ब्रिटिश लायन्स संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा दौरा. ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही बेटांतले निवडक खेळाडू एकत्र करून हा संघ बांधतात. तिथल्या तिन्ही कसोटी सामन्यांत मेन खेळला. केपटाउनचा शेवटचा सामना लायन्सनी २१–१६ असा जिंकला. त्या दिवशीच्या पंधरा जणांत आठ आयरिश होते.

रग्बीची ही गोष्ट आपल्या वाचकाला थोडी उलगडून सांगायला हवी, कारण मेनचं आयरिशपण तिच्यात आहे. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र झाला, उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनमध्ये राहिले. न्यूटाउनार्ड्‌स त्या सहांपैकी डाउन जिल्ह्यातलं. मेन कुटुंब प्रेस्बिटेरियन, ब्रिटनशी निष्ठा ठेवणाऱ्या समाजातलं. देश दुभंगला, सीमेवर चौक्या बसल्या, पण रग्बीचा संघ दुभंगला नाही. आजही बेलफास्टचा आणि डब्लिनचा खेळाडू एकाच हिरव्या जर्सीत उतरतो. मेननं ती जर्सी अभिमानानं घातली. त्यामुळे तो ब्रिटिश की आयरिश, हा प्रश्न बाहेरून जितका अवघड वाटतो तितका त्याच्या स्वतःच्या आयुष्यात नसावा. तो दोन्ही होता आणि आधी आर्ड्‌सचा होता.

त्याचा जिवलग मित्रही त्या रेषेच्या पलीकडचा. ओइन मॅक्‌गोनिगल, बेलफास्टचा कॅथलिक. त्या काळातल्या उत्तर आयर्लंडात प्रेस्बिटेरियन आणि कॅथलिक मुलांची अशी गाढ मैत्री सहज घडत नसे. दोघं सैन्यात एकत्र आले, ११ व्या स्कॉटिश कमांडोत एकत्र गेले. जून १९४१ मध्ये लेबनॉनच्या लितानी नदीवर जर्मनीच्या बाजूच्या व्हिशी फ्रेंच फौजेशी लढले. त्या कमांडोतले पुष्कळ जण तिथं पडले. नंतर डेव्हिड स्टर्लिंग नावाचा एक तरुण स्कॉटिश अधिकारी इजिप्तमधल्या काब्रितच्या छावणीत नवं दल उभं करत होता, तिथं दोघांनी नावं दिली.

मेन तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्याला ठोसा मारल्याबद्दल कोठडीत होता आणि स्टर्लिंगनं त्याला तिथून उचललं, असा किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पुढे आलेल्या टीव्ही मालिकेतही तो आहे. चरित्रकार हॅमिश रॉस यांनी कागदपत्रं चाळून या कहाणीचा पाया तपासला तेव्हा तो भक्कम निघाला नाही. किस्सा मात्र अजून फिरतो. दारू प्यायलेला, दांडगट, कायदा न जुमानणारा आयरिशमन हे चित्र इंग्रजांच्या डोळ्यांत आधीपासून तयार होतं, त्यात मेनला बसवणं सोपं गेलं. तो दारू प्यायचा, आणि प्यायला की भयंकर होत असे, हे त्याचे सोबतीही लपवत नाहीत. पण तो वकील होता, वाचनाची आवड असलेला होता, बोलण्यात संकोची होता, आणि रणांगणावर डोकं विलक्षण थंड ठेवणारा होता. २०२२ साली बीबीसीवर एसएएसवरची मालिका आली, जॅक ओ'कॉनेलनं मेनची भूमिका केली आणि लाखो लोकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. बाकावरच्या गृहस्थांचं म्हणणं होतं, "अभिनय उत्तम. पण तो आमचा ब्लेअर नव्हे. आमचा ब्लेअर इतका आरडाओरडा करत नसे." त्यांनी लहानपणी मेनला रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं. आठवण एवढीच, की दारात मावणार नाही असा एक माणूस, आणि आवाज अगदी हळू.

दलाची पहिली मोहीम १६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री. लिबियात गझाला आणि त्मिमीच्या धावपट्ट्यांजवळ हवाई छत्रीनं उतरायचं, विमानांना बॉम्ब लावायचे, वाळवंटात पसार व्हायचं. त्या रात्री वादळ होतं. पन्नासहून अधिक जण उतरले आणि निम्म्याहून कमी परतले. एकही विमान उडवता आलं नाही. परतलेल्यांत मेन होता, मॅक्‌गोनिगल नव्हता. पुढे संधी मिळताच मेन त्याची कबर शोधत गझालाच्या बाजूला गेला. ती सापडली नाही.

त्यानंतर हवाई छत्रीचा नाद सोडून ही मंडळी वाळवंटात टेहळणी करणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांतून जाऊ लागली. ताऱ्यांवरून आणि सूर्याच्या होकायंत्रावरून समुद्रासारख्या वाळूतून वाट काढणाऱ्यांत माइक सॅडलर होता. तो २०२४ च्या जानेवारीत, १०३ व्या वर्षी वारला. हत्यार होतं दलातल्याच जॉक लुईसनं बनवलेला बॉम्ब: स्फोटक, थर्माइट आणि तेल एकत्र मळून केलेला, अर्धा किलोच्या आसपासचा गोळा. तो पंखावर, इंधनाच्या टाकीशी ठेवायचा. प्रत्येक विमानाच्या त्याच बाजूच्या पंखावर, म्हणजे शत्रूला एकाचा पंख काढून दुसऱ्याला बसवता येऊ नये. १४ डिसेंबर १९४१ च्या रात्री तामेतच्या धावपट्टीवर मेन आणि त्याचे पाच-सहा सोबती शिरले. दोन डझनांच्या आसपास विमानं निकामी झाली. बॉम्ब संपल्यावर मेननं एका विमानात चढून यंत्रांचा फलक हातांनी उपटून काढला, अशी कथा आहे. दोन आठवड्यांनी त्याच धावपट्टीवर तो परत गेला आणि पुन्हा तेवढीच विमानं जाळून आला. युद्ध संपेपर्यंत त्याच्या नावावर शंभराच्या वर विमानं मोजली जात. आकाशातल्या लढाईत इतकी विमानं पाडलेला ब्रिटिश वैमानिक नाही. पहिलं डीएसओ पदक त्याला तामेतसाठी मिळालं.

तामेतचं आणखी एक अंग आहे आणि कौतुकाच्या भरात ते गिळून टाकणं बरोबर नाही. विमानांकडे जाण्याआधी मेनला धावपट्टीजवळच्या एका खोलीत उजेड दिसला. आत वैमानिक आणि इतर माणसं बसली होती, काही पीत होते, काही खेळत होते. त्यानं दार लाथेनं उघडलं आणि गोळ्या झाडल्या. हे थंड रक्तानं केलेलं वाटलं म्हणून खुद्द स्टर्लिंग अस्वस्थ झाला होता आणि पुढे त्यानं तसं बोलूनही दाखवलं. शेकडो मैल शत्रूच्या मुलखात, पाच-सहा जण, पळायला फक्त अंधार. त्यांनी दुसरं काय करायचं होतं, असं विचारणारे आहेत. मी दोन्ही बाजू वाचल्या. त्या दाराआडच्या माणसांच्या गावांत कुठंतरी त्यांचीही नावं दगडावर कोरलेली असणार, हे माझ्या मनातून गेलं नाही.

हे गेलं नाही, याचं एक कारण म्हणजे कॉम्बर. न्यूटाउनार्ड्‌सहून सात-आठ किलोमीटरवर हे छोटं गाव आहे. टायटॅनिकचा रचनाकार थॉमस अँड्र्यूज इथला. इथला लवकर निघणारा नवा बटाटा इतका नावाजलेला, की युरोपीय संघानं त्याला भौगोलिक मानांकन दिलं. लोण्याबरोबर उकडून खाल्ला, साल पातळ, चव गोडसर. पण गावाच्या चौकात मधोमध उंच खांब आहे आणि त्यावर उभा आहे मेजर जनरल रॉबर्ट रोलो गिलेस्पी. हे नाव वाचलं आणि मी जागच्या जागी थांबलो. १८०६ च्या जुलैत वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केलं. नवी पगडी, तिच्यावर चामड्याचा तुरा, कपाळावरच्या गंधाला बंदी, दाढीवर निर्बंध, एवढं सगळं त्यांच्यावर लादलं होतं. तेव्हा अर्काटहून घोडदळ घेऊन दौडत आलेला आणि ते बंड रक्तात बुडवणारा तो हाच गिलेस्पी. सत्तावनच्या आधीचं हे पहिलं मोठं बंड. पुढे १८१४ साली देहरादूनजवळ नालापाणीच्या कलंगा गढीवर गुरख्यांशी लढताना तो मारला गेला. १८४५ साली कॉम्बरनं त्याचा खांब उभारला, आणि त्याच्या पायथ्याशी आज लोक बसची वाट पाहतात.

मी त्या खांबाखाली बराच वेळ उभा होतो. कॉम्बरला तो शूर, वेल्लोरला तो कसाई. पुतळा कुणाचा, हे पुतळ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या गावावर अवलंबून असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या चौकात ते पोटात जाणवलं. मग मेनबद्दल मला जे वाटतं ते का वाटतं? मी तर ना आर्ड्‌सचा, ना ब्रिटनचा. याचं उत्तर माझ्यापुरतं ९ एप्रिल १९४५ या दिवसात आहे.

तोवर बरंच घडून गेलं होतं. जानेवारी १९४३ मध्ये स्टर्लिंग पकडला गेला आणि दलाचा मोठा भाग मेनकडे आला. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले. जुलैत सिसिलीच्या आक्रमणात कापो मुर्रो दी पोर्को, म्हणजे डुकराच्या तोंडाचं भूशीर, या टोकावरच्या तोफा त्याच्या माणसांनी काबीज केल्या आणि दोन दिवसांनी ऑगस्टा बंदर घेतलं. डीएसओवर पहिली पट्टी आली. तेच पदक पुन्हा मिळालं की फितीवर पट्टी चढते. ऑक्टोबरमध्ये तेर्मोलीला कडवी लढाई. १९४४ साली फ्रान्समध्ये शत्रूच्या पाठीमागे महिनोन्‌महिने काम, दुसरी पट्टी. फ्रान्समध्ये पकडल्या गेलेल्या त्याच्या अनेक जवानांना हिटलरच्या हुकमानं गोळ्या घातल्या गेल्या. गणवेशात असूनही.

आणि मग वायव्य जर्मनी. कॅनडाच्या चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या पुढे, ओल्डेनबर्गच्या दिशेनं, मेनच्या दोन तुकड्या उघड्या जीपमधून वाट काढत होत्या. जीपवर मशीनगन होत्या, चिलखत जवळजवळ नव्हतं. एका गावाजवळ पुढच्या तुकडीवर घरांतून आणि रानाच्या कडेतून मारा सुरू झाला. तुकडीचा प्रमुख मेजर डिक बाँड मारला गेला. काही जण रस्त्याकडेच्या चरात जखमी होऊन अडकले. डोकं वर काढलं की गोळी. मेन मागून आला. त्यानं आधी ब्रेनगन खांद्याला लावून एका घरातला मारा बंद पाडला. मग जीपच्या स्टिअरिंगवर स्वतः बसला. मागच्या जोड मशीनगनवर कोण येतं, विचारल्यावर लेफ्टनंट स्कॉट पुढे झाला. मेननं त्या उघड्या रस्त्यावरून जीप नेली, परत फिरवली, पुन्हा नेली, स्कॉट गोळ्यांचा पाऊस पाडत होता. शत्रूचा मारा जरा ढिला पडल्यावर चरापाशी जीप उभी करून तो उतरला आणि एकेक जखमी उचलून त्यानं जीपमध्ये ठेवला.

एका रेजिमेंटचा प्रमुख, तीस वर्षांचा, युद्ध संपायला महिना उरलेला. हे काम त्यानं कुणाला तरी सांगून करवून घेतलं असतं तरी चाललं असतं.

त्याच दिवशी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. आठव्या आर्मीचं शेवटचं मोठं आक्रमण त्या दिवशी सुरू झालं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचे निरोप्ये होते. नदी ओलांडताच तीन मशीनगनच्या माऱ्यात ती छोटी टोळी सापडली. कमांडर आणि आणखी काही जण जखमी, नामदेवराव वगळता बाकीचे गेले. त्यांनी आधी एका जखमीला उचलला. खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेला. परत आले. दुसऱ्याला नेला. पुन्हा परत आले आणि एकट्यानं ती मशीनगनची ठाणी मोडायला निघाले. पहिलं ठाणं मोडलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून हातबॉम्बनं उरलेली दोन मोडली. मग बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते पुण्यात वारले.

जर्मनीत एक, इटलीत एक. एक वाड्यातला वकील कर्नल, एक शेतकऱ्याच्या घरचा शिपाई. दोघांनी एकाच दिवशी गोळीच्या तोंडातून आपली माणसं उचलून आणली. दोघांच्या पराक्रमाचे कागद मी शेजारी ठेवून कितीदा वाचले असतील.

मेनसाठीही व्हिक्टोरिया क्रॉसचीच शिफारस झाली होती. तिच्यावर मॉन्टगोमेरीपर्यंतच्या सेनापतींचा होकार होता. लंडनमध्ये ती खाली उतरली आणि डीएसओची तिसरी पट्टी तेवढी मिळाली. शिफारशीच्या कागदावर खाडाखोड दिसते. स्कॉटही बरोबर होता म्हणून हा एकट्याचा पराक्रम धरला नाही, असं कुणी म्हणतं. त्याच्या वागण्याची ख्याती आड आली, असं कुणी. स्टर्लिंगनं पुढे सांगितलं, की वरच्या वर्तुळांत मेनविषयी आकस होता. व्हिक्टोरिया क्रॉस या माणसाला कसा काय हुकला, असं खुद्द राजे सहावे जॉर्ज यांनी विचारल्याचंही सांगितलं जातं. २००५ साली ब्रिटिश संसदेत हा अन्याय दुरुस्त करण्याचा प्रस्ताव मांडला गेला आणि शंभराहून अधिक खासदारांनी त्यावर सह्या केल्या. आजतागायत हा विषय संसदेत निघतो. सरकारचं उत्तर तेच: इतक्या वर्षांनी त्या काळचे निर्णय उकरायचे नाहीत. मला विचाराल तर हे धोरण समजतं, पण या एका प्रकरणात पटत नाही. शिफारस त्याच काळातली आहे, सह्या त्याच माणसांच्या आहेत, नवा पुरावा कुणी आणलेला नाही. मागणी एवढीच आहे, की मैदानावरच्या सेनापतींनी तेव्हा जे लिहिलं ते मानावं.

युद्धानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये एसएएस मोडण्यात आली. मेन सॅडलरसोबत फॉकलंडच्या सर्वेक्षण मोहिमेवर दक्षिण ध्रुवाकडे गेला, पण पाठीच्या दुखण्यानं त्याला लवकर परतावं लागलं. लांब बसणंही कठीण, मग रग्बी तर दूरच. तो उत्तर आयर्लंडच्या लॉ सोसायटीचा सचिव झाला. टेकडीवरच्या वाड्यात आईसोबत राहिला. ज्यांच्यासोबत तो वाळवंटात झोपला होता ती माणसं ब्रिटनभर पांगली, आणि ज्या गावात तो परतला तिथं त्यानं काय पाहिलं होतं हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. १४ डिसेंबर १९५५ च्या पहाटे बँगरहून परतताना गावातच, घरापासून हाकेच्या अंतरावर, त्याची लाल राइली गाडी उभ्या लॉरीवर आदळली. वय चाळीस. तामेतच्या रात्रीला त्याच तारखेला चौदा वर्षं झाली होती.

मोव्हिलाचं कबरस्तान गावाच्या वरच्या अंगाला आहे. संत फिनियननं सहाव्या शतकात इथं मठ स्थापला. मोव्हिला हे नाव आयरिशमधून आलंय, पवित्र झाडाचं मैदान असा अर्थ. म्हणजे मठाच्याही आधी लोक इथं एखाद्या झाडापाशी हात जोडत असणार, आपल्याकडच्या देवराईत जोडतात तसे. आज पडक्या मठाच्या दोन त्रिकोणी भिंती उरल्यात आणि त्यांच्या आसऱ्याला जुन्या कबरी. मेन कुटुंबाची कबर त्यांतलीच एक. दगडावर नावं एकाखाली एक, त्यात हेही एक. कबरीशी कुणीतरी कागदी पॉपीचं छोटं चक्र ठेवलं होतं, पावसानं त्याचा रंग दगडावर उतरला होता.

संध्याकाळी बेलफास्टच्या बसची वाट पाहत मी पुन्हा चौकात आलो. बाजार उठला होता, झाडलोट चालू होती. सकाळचे गृहस्थ अजून तिथंच होते, किंवा घरी जाऊन परत आले असावेत. मी त्यांना नामदेवरावांची गोष्ट सांगितली. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी तेवढं विचारलं, "त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आणि त्याला मिळाला."

"हो, त्यांना मिळाला."

"बरं झालं," ते म्हणाले. मग कोटाच्या खिशातून पेन काढलं, बसच्या जुन्या तिकिटाची पाठ वर केली आणि मला नाव पुन्हा सांगायला सांगितलं. मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि ते पुतळ्याच्या चौथऱ्यावर तिकीट ठेवून, हळूहळू, ठळक अक्षरांत लिहीत गेले.